दसऱ्यासाठी बॅटरी

“फियाटला ही चालायची नाय, सर,” दुकानदार म्हणाला. “ही स्कूटरची हाय. सेल्फ मारलात तर नुसती कण्हत बसेल.”

“हॉर्न वाजेल ना?”

“हॉर्न वाजेल. पन गाडी नको का सुरू व्हायला?”

“गाडी कुठे जात नाही,” चिंतामणी सर म्हणाले. “वर्षातून एकदा दसऱ्याला पूजा होते, तेवढीच. आणि मोठी बॅटरी उचलायची तर माझा खांदा दुखतो.”

सर महाडच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. महाडात बॅटरीची दुकानं काय कमी होती? तरी सर एसटी पकडून पोलादपूरला आले होते. दुकानदारानं तेही विचारलंच. इथे माल ताजा मिळतो, असं सरांनी सांगितलं, जणू भाजीच घ्यायला आले होते.

“बरं, मग नीट सांभाळा,” दुकानदार म्हणाला. “काम झालं का वायर काढून ठेवायची. टर्मिनलला व्हॅसलीन चोळा. पाणी डिस्टिलचंच घाला, नळाचं नाय. आनि महिन्यातनं एकदा चार्जिंगला लावा. नुसती ठेवलीत तर पडून पडून मरते ती.”

सरांनी मान हलवली. पडून राहिलेल्याची काळजी घेणं त्यांना नवीन नव्हतं.

गाडी सुनीतीची, सरांच्या बायकोची. चौसष्ट सालची फियाट, माहेरून आलेली. सरांना क्लच काही केल्या जमला नाही. भर बाजारपेठेतून गाडी चालवायची ती सुनीती, आणि शेजारी मांडीवर पिशव्या घेऊन बसायचे ते सर. कशेडी घाटात तर ती ट्रकवाल्यांना हॉर्न मारून बाजूला करायची. मग तिला अर्धांगाचा झटका आला. एक अख्खा पावसाळा मुंबईच्या इस्पितळात गेला. परत आली ती माडीवरच्या मागच्या खोलीत, कारण महाडात पूर आला की खालच्या खोल्यांचा भरवसा नसतो. तिथून अंगणातली शेड दिसत नव्हती. दसऱ्याला शेडमधून हॉर्न मात्र ऐकू यायचा. जुन्या आयुष्यातलं तिच्याकडे तेवढंच उरलं होतं.

तो हॉर्न वाजला पाहिजे, एवढंच सरांना कळत होतं. बाकी त्यांना आताशा फारसं काही वाटत नसे. वाटायचं ते सगळं त्या पावसाळ्यात वाटून संपलं होतं. “मागच्या दसऱ्याला हॉर्नचा घसा बसला होता, बॅटरी बदला हो,” असं सुनीती म्हणाली, म्हणून ही पोलादपूरची खेप.

घरी आल्यावर सर पिशवी घेऊन थेट शेडकडे निघाले होते. तेवढ्यात माडीवरून हाक आली.

“आणलीत? बघू तरी.”

नाही कसं म्हणणार? सरांनी बॅटरी वर नेली आणि वर्तमानपत्र घालून तिच्या उशाशी स्टुलावर ठेवली.

“लहान दिसते,” सुनीती म्हणाली.

“हल्ली लहानच येतात. तंत्र सुधारलं.”

“हो का?” तिनं चांगल्या हाताची वीत बॅटरीवर ठेवली, एकदा लांबीला, एकदा रुंदीला. “छान आहे.”

तिचं सगळं करणारी चंपाबाई चादर बदलत होती. ती म्हणाली, “वैनी, यंदा तुमीच चला की गाडीत बसायला. मी आन माजा पोरगा नाथू खुर्चीतनं उचलून नेतो.”

कितीतरी दिवसांनी सरांच्या छातीत धडधडलं.

“नको गं,” सुनीती म्हणाली. “जिना अरुंद आहे. पडले तर उरलेली बाजूही जायची. मला इथून ऐकू येतं.”

सर बॅटरी उचलून खाली गेले.

पुढे दर रविवारी ते शेडमध्ये शिरत, दार आतून लावून घेत, टर्मिनल पुसत, व्हॅसलीन लावत. शेजारच्या काशीबाई एकदा कुंपणावरून म्हणाल्या, “झाकली मूठ सव्वा लाखाची, काय सर?” आणि मग स्वतःच ओशाळून आत गेल्या. सरांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

दसरा आला. गाडीचा हार दरवर्षी सुनीतीच करायची. सुई चंपाबाईनं धरायची, झेंडू हिनं एका हातानं ओवायचे. बॉनेटच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पुरेल असा हार व्हायचा, आणि त्यात अख्खी सकाळ जायची. यंदा तो लवकर झाला. चंपाबाई पूजेचं ताट घेऊन खाली आली.

“हार हातभरच हाय, सर. येवढी फुलं उरल्यात, मी बोलले वाढवू या. तर वैनी नको बोलल्या.”

“हात दुखला असेल,” सर म्हणाले. त्यांना थोडं वाईट वाटलं. पुढच्या वर्षी कदाचित तेवढाही होणार नाही.

ताट घेऊन ते शेडमध्ये गेले आणि दार लावून घेतलं.

शेड रिकामी होती. सुनीती इस्पितळात असताना पुण्याचं एक गिऱ्हाईक फियाट घेऊन गेलं, तेव्हापासून ती रिकामीच होती. जमिनीवर ऑइलचा काळा डाग होता. भिंतीवरच्या खिळ्याला मागच्या दसऱ्यांचे लांबलचक हार वाळून लटकले होते. मधे एक स्टूल, त्यावर फळीला ठोकलेला फियाटचा हॉर्न, शेजारी बॅटरी. गिऱ्हाइकाकडून सरांनी तेवढा हॉर्न मागून घेतला होता.

सरांनी हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. हार खिळ्याला अडकवायला उचलला, पण तो खिळ्यावरून नुसताच ओघळला. मग त्यांनी तो बॅटरीला घातला. चारी बाजूंनी टेकला, कुठे सैल नाही, कुठे ताणलेला नाही.

वायर जोडायला पुढे केलेला हात तसाच राहिला.

दाराबाहेरून चंपाबाईचा आवाज आला. “सर, वैनी इचारतात, हार बरोबर बसला का बॅटरीला?”