जुन्याच मापाचा बोल्ट

मंगळवारी दुपारी पोलीसपाटील दुकानात आले. "मेस्त्री, चला. वहिनींनी वानरांवर बार काढला, बंदूक मागून फुटली. वहिनी गेल्या."

ठासणीच्या बंदुकीची नळी मागून बंद करणारा बोल्ट मीच बसवला होता. नळीचे आटे झिजलेले. एक माप मोठे आटे पाडून जाड बोल्ट घालायला हवा होता. मी जुन्याच मापाचा बोल्ट पत्र्याची पट्टी गुंडाळून घट्ट केला. "हलतोय हो," बायको म्हणाली होती. मी म्हटलं, "तुला काय कळतंय?"

असेच बोल्ट मी आणखी तीन बंदुकांना घातलेत. सुतकातच दारोदार फिरलो. दोघांनी बंदुका दिल्या. तिसरा म्हणाला, "सुतकात दारात काय येताय, मेस्त्री? कालच डुक्कर पाडलंय या बंदुकीनं." मी पाया पडलो. त्यानं दार लावलं.

ती बंदूक अजून आणायची आहे.