बाटलीतला पाऊस

बहात्तर साल. आमच्या वाडीला पाणी फक्त टँकरचं. त्यात बिराजदार गुरुजींनी तिसरीच्या पोरांकडून बाटलीला नरसाळं लावून पर्जन्यमापक करून घेतला.

“बाटलीत पाणी दिसलं, की समजायचं पाऊस झाला.”

तिसरीतल्याच मायाक्कानं विचारलं, “म्हंजी पाऊस यावा म्हणून धोंडीवर पाणी ओतत्यात, तसंच की हे?”

“धोंडी न्हाय गं येडे, शास्त्र हाय हे!”

तरी सांजच्याला तिनं आपल्या वाटणीचं पाणी गुपचूप बाटलीत ओतलं.

सकाळी शाळेचं अंगण कोरडंठाक आणि बाटली भरलेली. “अंगणाचं सोडा, शास्त्र खोटं बोलत न्हाय,” म्हणत गुरुजी सायकलवर तालुक्याच्या साहेबांना पाऊस कळवायला गेले.



साहेबांचाही शास्त्रावर विश्वास होता. टँकर त्याच दिवशी बंद झाला.