सतरा नंबरची काच

रानातल्या कोल्ह्यांकडून माणसांत येणारा परजीवी शोधायचा, हे माझं अकरा वर्षांचं काम. कोल्ह्याच्या कानातून रक्त घ्यायचं, काचेवर पसरायचं आणि डोळे दुखेस्तोवर मायक्रोस्कोपात बघत बसायचं. ताडून बघायला एक निरोगी काच लागते. ती मी माझ्याच बोटाला सुई टोचून करते. दुसऱ्या कुणाच्या मागे कोण फिरणार!

आज सतरा नंबरचा कोल्हा निरोगी निघाला आणि माझ्या काचेवर परजीवींचा खच पडलेला.

थकव्यात काचांची अदलाबदल झाली असणार. नवी सुई घेऊन पुन्हा बोट टोचलं. पिंजरेवाल्या काकांनी सतराचं रक्त पुन्हा आणलं. तेच. तिसऱ्यांदाही तेच.

"आता सोडा त्याला, ताई," काका वैतागले. "सारखा पंजा चाटतोय बिचारा. तीन टोचे दिसतायत."

"पंजाला सुई कशाला लावलीत?"

"मी? मी कानालाच टोचतो. डाव्या, नेहमीसारखं."

मी खुर्चीत मागे रेलले, डोळे मिटले.

"ताई," काकांचा आवाज एकदम जवळून आला, "तुमच्या डाव्या कानातून रक्त येतंय."