सामाईक भिंतीतला कोनाडा

आमच्या गल्लीतली दगडी घरं एकाच ओळीत आहेत. दोन घरांत मिळून एकच हातभर जाड भिंत, आणि तिच्यात आरपार कोनाडा. विरजण, विस्तव, कामाच्या वेळी रडणारं लेकरूसुद्धा त्यातूनच शेजारी द्यायचं, ही आमची रीत.

सून अश्विनी शहरातली. बाळाला घेऊन कालच पहिल्यांदा राहायला आली. मी कौतुकानं तिला ही रीत सांगितली होती.

दुपारी पाळणा रिकामा दिसला.

"बाळ कुठंय गं?"

"शेजारच्या काकूंकडं, आबा. दूध उतू जात होतं आणि हा रडत होता. त्या कोनाड्यातून म्हणाल्या, दे इकडं. हातभर बांगड्या आहेत की त्यांना!"

शेजारच्या गिरजावहिनी वारून कित्येक वर्षं झाली. त्या घराची फक्त दर्शनी भिंत उभी आहे. मागे माळवद कोसळून सगळी माती झाली आहे.

मी कोनाड्यात खांद्यापर्यंत हात घातला. पलीकडे बोटांना घट्ट माती लागली.

"वहिनी," मी ओरडलो, "लेकरू द्या!"

"हळू बोला, भावजी," मातीतून आवाज आला. "आत्ताच डोळा लागलाय त्येचा."