पूर्ण सुटलेलं कोडं

"अहो, सुटलं. सगळं सुटलं. एक चौकोन मोकळा नाही." बायको वर्तमानपत्र नाचवतच स्वयंपाकघरातून बाहेर आली.

शब्दकोडेकार अर्धी दाढी तशीच ठेवून आला. एकोणीस वर्षं दर रविवारी त्याचं कोडं छापून येत होतं आणि दर रविवारी तिचं घोडं शेवटच्या तीन-चार चौकोनांपाशी अडत होतं. घरात नियमच होता: तिने विचारायचं नाही, त्याने सांगायचं नाही. आज बाईंनी गड सर केला होता. गालावरच्या फेसासकट तो हसला. त्याला मनापासून आनंद झाला होता.

"पाणकावळा कसा सुचला तुला?" या शब्दावर तो स्वतःच फार खूश होता.

"'पा' आलेलाच होता. म्हटलं, फोनवर बघावं. 'पा' लिहिला, तर खाली लगेच पाणकावळा. 'ध्रु' लिहिला, तर ध्रुवतारा. मी मनात आणायचा अवकाश, शब्द हजर. साठी बुद्धी नाठी म्हणणाऱ्यांना दाखवा आता."

आता त्याच्या लक्षात आलं. महिन्यापूर्वी लेकीने आईच्या नव्या फोनवर बापाचंच खातं घातलं होतं. दोघांनी मिळून एकच पासवर्ड विसरावा, एवढाच तिचा हेतू. आता तो आपल्या फोनवर जे जे शोधी, ते ते इकडे बायकोच्या बोटाखाली येऊन बसे. डोळ्यांत तेल घालून जपलेला पेपर घरच्या घरी फुटला होता.

सांगून टाकावं का? पण तेवढ्यात तिने बहिणीला फोन लावला होता, शेजारणीला हाक मारली होती आणि कोडं कापून ठेवायला कात्रीही शोधली होती. इतक्या खुशीत ती कित्येक वर्षांत दिसली नव्हती.

"शाबास," तो म्हणाला. "खरंच शाबास."

"एक मात्र राहिलं हो. काही न लिहिताच सगळ्यांत वर येतंय. आडवं लावून पाहिलं, उभं लावून पाहिलं, कुठेच बसेना." तिने चष्मा सावरून फोनवरचं मोठ्याने वाचलं. "'छातीत डावीकडे कळ, रोज पहाटे.' एवढं एकच चुकलं बघा फोनचं."