खालचं टोक

ऑकलंडमध्ये सामान हलवणाऱ्या कंपन्यांच्या मालकांना आम्ही टोंगा बेटांवरची माणसं म्हणजे बैल वाटतो. जड कपाट जिन्यावरून उतरवायला तीन माणसं लागतात, आमचा मालक ग्रँट दोनच लावतो. सगळा भार खालच्यावर येतो. तसंच एक कपाट धरताना माझा भाऊ सेमिसी कमरेतून गेला, अजून अंथरुणात आहे.

आज एका घरी तसंच कपाट उतरवायचं होतं, तर ग्रँट परत म्हणाला, "तुम्ही दोघं दणकट आहात रे, दोघं पुरे."

मी जोडीदाराला बाजूला बसवलं. "पटलं बॉस, दोघं पुरे. मी वर धरतो, तुम्ही खाली या."

त्या घरच्या बाई बघत होत्या. ग्रँटला नाही म्हणता येईना.

अर्ध्या जिन्यात कपाटाखालून आवाज आला, "अरे, अजून एकाला बोलाव."



"बोलावतो की. आधी या बाईंसमोर मोठ्यानं सांगा बॉस, कपाटाला माणसं किती लागतात?"