अंगणातला निळा दिवा

घरूनच कंपनीचं काम करणाऱ्या जीवनने लाखनीच्या घरात मोडेम आणि राउटरच्या मधे एक जुना कॉम्प्युटर ठेवून त्यात बाहेरून घरच्या इंटरनेटमध्ये शिरू पाहणाऱ्यांना अडवणारी व्हर्च्युअल फायरवॉल बसवली. दुसऱ्या दिवशी त्याची आई मंगलाबाई नेहमीसारखी ताट घेऊन अंगणातल्या कॅमेऱ्यासमोर उभी राहिली. कॅमेऱ्याचा निळा दिवा लागलाच नाही.

"तुह्या त्या डब्ब्यानं पोरीची वाट अडवली रे! दिवा लागला की मले समजे, तृप्ती पुण्याहून पाहून राहिली."

जीवनने बहिणीला फोन लावला.

"कॅमेऱ्याचं ॲप? ते मी कधीचंच काढून टाकलं, दादा. काहून?"

त्याने फायरवॉलमधली अडवलेल्यांची नोंद तपासली. म्हणजे जेवणाच्या वेळेला रोज न चुकता कॅमेऱ्यात डोकावणारा, आज अडलेला, कुणीतरी परका होता, दूरदेशातला.

जीवनने फक्त आपल्या मोबाईलपुरती वाट मोकळी केली, घरामागे गेला आणि कॅमेरा उघडला. मोबाईलमध्ये आईचा चेहरा निळ्या उजेडात फुलला. तिने ताट वर धरलं.

"आली वं माय! पाह्य, आज वांग्याची भाजी केली. तू जेवली का?"